साल्वादोर : सर्वसंतांच्या उपसागराकाठी सात दिवस

वेंगुर्ल्याला माझ्या सासरच्या परड्यात काजूची अकरा झाडे आहेत आणि त्या झाडांचे मूळ गाव एकदा पाहावे, ही माझ्या यजमानांची फार जुनी इच्छा होती. काजू हा शब्ददेखील आपला नव्हे. ब्राझीलच्या किनाऱ्यावरचे तुपी लोक त्या झाडाला 'आकाजू' म्हणत. पोर्तुगीजांनी त्याचे 'काजू' केले आणि सोळाव्या शतकात झाड व नाव दोन्ही गोव्याच्या किनाऱ्यावर उतरवले. आमचा भाचा साओ पावलोला नोकरीस लागला तेव्हा या इच्छेला वाट मिळाली. सर्वसाधारणपणे पाहुणे रिओला जातात, परंतु ईशान्य किनाऱ्यावरच्या बाइया राज्याची राजधानी असलेल्या साल्वादोरसाठी भाच्याने आग्रहाने सांगितले, "मावशी, तुम्ही कोकणातली माणसं, तुम्ही साल्वादोरच बघा." 2018 च्या जानेवारीअखेर केलेल्या त्या प्रवासाची रोज रात्री लिहिलेली टिपणे समोर ठेवून हे लिहीत आहे.

जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगते. ब्राझीलहून भारतात परतणाऱ्या प्रवाशाजवळ पीतज्वराच्या लशीचे पिवळे प्रमाणपत्र असावेच लागते आणि ही लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते. त्या वर्षी ब्राझीलच्या आग्नेय भागात पीतज्वराची साथही होती, त्यामुळे ही केवळ कागदोपत्री बाब नव्हती. व्हिसाच्या धावपळीत लस मागे पडते आणि मग परतताना विमानतळावर विलगीकरणाची वेळ येऊ शकते.

पहिला दिवस, रविवार 28 जानेवारी

मुंबईहून आदिस अबाबा, तिथून साओ पावलो आणि मग अडीच तासांचे देशांतर्गत उड्डाण, असा प्रवास करून दुपारी साल्वादोरला उतरलो. विमानतळातून बाहेर पडताच रस्ता बांबूच्या बनातून जातो. दोन्ही बाजूंचे बांबू वर वाकून एकमेकांत गुंतलेले आहेत, त्यामुळे मोटार हिरव्या बोगद्यातून चालल्यासारखी वाटते. बाहेर लख्ख ऊन आणि आत एकदम गारवा. दोन दिवस विमानाच्या कोंदट हवेत काढल्यानंतर त्या बोगद्याने डोळ्यांना जो विसावा दिला, तो विसरणे शक्य नाही.

आमचे बिऱ्हाड बार्रा भागात होते. घरमालकीणबाईंनी दारातच भाच्याच्या हातावर किल्ली ठेवली आणि 'शावि' असे काहीसे म्हणाल्या. आपली चावी ती हीच, हे क्षणात ध्यानात आले. पुढे आठवडाभर हा अनुभव येत राहिला. दुकानात गल्ल्यापाशी 'पगार' ऐकू आले की ते पैसे देण्याबद्दल असे. साबण, पाव, बटाटा यांना वेगळे शब्द शिकावेच लागले नाहीत. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी एकाच गलबतावरच्या खलाशांच्या तोंडून हे शब्द दोन किनाऱ्यांवर सांडले आणि दोन्हीकडे रुजले.

संध्याकाळी बार्राच्या दीपगृहापाशी गेलो. सांतो आंतोनियो किल्ल्याच्या आत उभे असलेले हे काळे-पांढरे पट्ट्यांचे दीपगृह. याच जागी 1698 मध्ये पहिला दिवा लागला, म्हणजे अमेरिका खंडांतल्या सर्वांत जुन्या दीपगृहांपैकी हे एक आहे. किल्ल्यात नौकानयनाचे छोटे संग्रहालय आहे. 1668 मध्ये या शहराच्या तोंडाशी बुडालेल्या 'सांतिसिमो साक्रामेंतो' या गलबतातून वर काढलेल्या वस्तू तिथे मांडलेल्या आहेत. त्या काचेसमोर उभे असताना यजमानांनी सांगितले की गोव्याहून लिस्बनला परतणारी जहाजेही पाणी, शिधा आणि डागडुजीसाठी याच बंदरात थांबत. इथला तंबाखू गोव्याला जाई आणि तिकडचे कापड इथे उतरे.

ब्राझीलचा किनारा पूर्वाभिमुख आहे, म्हणून तिथे सूर्य समुद्रातून उगवतो आणि जमिनीवर मावळतो. साल्वादोर मात्र एका भूशिरावर वसलेले आहे. त्याच्या पश्चिमेला सर्वसंतांचा विशाल उपसागर असल्यामुळे बार्राच्या हिरवळीवरून सूर्य पाण्यात बुडताना दिसतो. सहाच्या सुमारास सारी टेकडी माणसांनी भरून गेली होती. सूर्य टेकला तशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रोजचा सूर्यास्त, पण त्या टाळ्या मनापासून होत्या. आम्हीही वाजवल्या.

दुसरा दिवस, सोमवार 29 जानेवारी

साल्वादोर दोन मजल्यांवर वसलेले आहे. तोमे दि सोझा हा पहिला गव्हर्नर जनरल 29 मार्च 1549 रोजी बार्राच्या पुळणीवर उतरला आणि त्याने बंदर खाली, तर सत्ता व देवळे वर कड्यावर अशी रचना केली. 1763 मध्ये रिओला राजधानी नेईपर्यंत दोनशेहून अधिक वर्षे पोर्तुगीज ब्राझीलचा कारभार या कड्यावरून चालला. खालचे शहर आणि वरचे शहर यांना जोडणारा एलेव्हादोर लासेर्दा हा 72 मीटर उंचीचा उद्वाहक (लिफ्ट) डिसेंबर 1873 मध्ये सुरू झाला. आज दिसतो तो त्याचा 1930 मधल्या वाढीव बांधकामानंतरचा चेहरा आहे. भाडे अगदी नाममात्र, प्रवास अर्ध्या मिनिटाचा, आणि प्रवाशांत पर्यटक थोडे. बाजाराच्या पिशव्या, शाळेची दप्तरे आणि कचेरीचे पास गळ्यात अडकवलेली माणसेच अधिक. पूर्वी हा चढ गुलामांच्या खांद्यांवरून होत असे. साखरेच्या पेट्या, पाण्याची पिंपे आणि मालकांच्या पालख्याही.

वरच्या चौकातून उपसागर पाहिला की शहराचे सारे गणित उलगडते. समोर पाण्यातला वाटोळा साओ मार्सेलो किल्ला, त्यामागे इतापारिका बेट आणि पायाशी मेर्कादो मोदेलो हा बाजार. या बाजाराची इमारत म्हणजे 1861 मधले जकात घर. आत दोरखंडाचे झोपाळे, लाकडी मूर्ती, मणी, नक्षीच्या लेसी असा हस्तकलेचा माल भरपूर आहे, परंतु पहिल्याच गाळ्यावर खरेदी करू नये. आत जावे तसे भाव उतरतात. जवळच कोंसेइसांव दा प्रायाचे चर्च आहे. त्याचे दगड पोर्तुगालमध्ये घडवून, त्यांवर क्रमांक घालून जहाजांतून इथे आणले आणि जुळवले गेले.

दुपारी ऊन इतके चढले की आम्ही बिऱ्हाडी परतलो. मोठा पेलाभर काजूचा रस प्यायलो. आपल्याकडे बोंडे झाडाखाली कुजतात किंवा फेणीच्या भट्टीला जातात. इथे घरोघरी, हॉटेलाहॉटेलांत बोंडांचाच रस पितात आणि बीचे महत्त्व दुय्यम. यजमानांनी दुसरा पेला मागवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

तिसरा दिवस, मंगळवार 30 जानेवारी

हा दिवस पेलोरिन्योचा. वरच्या शहरातला हा जुना गाभा 1985 पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि चित्रांत दिसतात ती पिवळी, गुलाबी, निळी घरे इथलीच. पण नावाचा अर्थ कळला की रंगांकडे पाहण्याची नजर बदलते. पेलोरिन्यो म्हणजे माणसाला बांधून चाबकाने फोडून काढण्याचा खांब. ब्राझीलमध्ये सुमारे 48 लाख आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून जिवंत उतरवली गेली आणि त्यांपैकी दहा लाखांहून अधिक बाइयात, मुख्यतः या शहराच्या बंदरात. 1888 च्या 13 मे रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. आज शहरातल्या पाचांपैकी चार माणसे त्या लोकांची वंशज आहेत, आणि साल्वादोरचे अन्न, वाद्ये, देव, चालण्या-बोलण्याची ऐट हे सारे त्यांचे आहे. इमारती पोर्तुगीजांच्या नकाशावरच्या असतील, पण शहर त्यांनी केले. गोव्याशी साम्य शोधत आलेल्या आम्हाला हा फरक प्रथम जाणवला तो याच उतारावर.

साओ फ्रांसिस्कोचे चर्च आम्ही सकाळी पाहिले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेल्या या चर्चचा आतला भाग नखशिखांत सोन्याच्या वर्खाने मढवलेल्या लाकडी कोरीवकामाचा आहे. जुन्या गोव्याची वेदीपीठे पाहिलेल्या माणसाला ही कला ओळखीची वाटते. तिथे ती वेदीपुरती आहे, इथे मात्र भिंती, खांब, छत, कोनाडे यांपैकी एक वीतही मोकळी सोडलेली नाही. शेजारच्या मठाच्या चौकात लिस्बनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या टाइल्सची चित्रे आहेत. त्यांत होरेस या रोमन कवीच्या वचनांवरून काढलेली धन, काळ, म्हातारपण आणि मृत्यू यांची दृश्ये आहेत. दमट खाऱ्या हवेने काही टाइल्सची झिलई पापुद्र्यांसारखी सुटली होती आणि एका जागी रेखाटलेल्या म्हाताऱ्याचा अर्धा चेहरा गळून गेला होता. मी कितीतरी वेळ त्याच्यापाशी उभी होते.

आज हे लिहिताना एक कटू गोष्ट नोंदवावी लागते. 5 फेब्रुवारी 2025 रोजी याच चर्चच्या छताचा भाग कोसळला आणि पाहायला आलेल्या एका तरुणीचा त्यात जीव गेला. चर्च बंद करण्यात आले. ज्या छताकडे माना वर करून आम्ही थक्क झालो होतो, ते आतून पोखरत होते. वारसा म्हणून एखादी वास्तू जाहीर करणे आणि तिची वर्षानुवर्षे निगा राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीसाठी पैसा व माणसे कमी पडली की काय होते, हे आपल्याकडच्या वाड्यांना आणि किल्ल्यांनाही ठाऊक आहे.

दुपारी एका गल्लीत निळ्या-पांढऱ्या रंगाच्या दारावर गांधीजींचे चित्र दिसले आणि आम्ही जागीच थबकलो. ही 'फिल्योस दि गांधी', म्हणजे 'गांधींची मुले', या मंडळाची कचेरी. गांधीजींच्या हत्येनंतर वर्षभराने, 18 फेब्रुवारी 1949 रोजी, साल्वादोरच्या गोदीतल्या हमालांनी हे मंडळ स्थापन केले. कार्निव्हलच्या दिवसांत डोक्याला पांढऱ्या टॉवेलाचा फेटा बांधून, अंगात पांढरा पायघोळ पोशाख आणि गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा घालून हजारो पुरुष कांदोम्ब्ले या आफ्रिकी धर्मपरंपरेच्या तालावर संथ चालीने रस्त्यावरून जातात आणि बघ्यांवर लव्हेंडरचे सुगंधी पाणी शिंपडतात. निळा-पांढरा हे त्यांच्या देवांचे रंग, आणि शांततेचा संदेश गांधींचा.

दारात मणी ओवत बसलेल्या वृद्ध गृहस्थांना भाच्याने आम्ही भारतातून आल्याचे सांगितले. तारीख 30 जानेवारी होती. आमच्या देशात आज सकाळी अकरा वाजता लोक दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतात, हे यजमानांनी सांगितले आणि भाच्याने ते पोर्तुगीजमध्ये समजावले. आजोबांनी हातातली सुई-दोरा खाली ठेवला, उठून उभे राहिले आणि टोपी काढली. आम्हीही उभे होतो. गल्लीत ढोलांचा सराव चालू होता, एक फेरीवाला नारळपाणी ओरडत होता, आणि आम्ही चौघे त्या दारात काही न बोलता उभे. नंतर त्यांनी ओवत असलेली माळ पुरी केली, गाठ मारली आणि यजमानांच्या गळ्यात घातली. पैसे विचारले तर हात हलवून नको म्हणाले.

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता कृष्णवर्णीयांच्या रोझारिओ चर्चमध्ये जी प्रार्थना होते, ती चुकवू नये. गोऱ्यांच्या चर्चमध्ये ज्यांना मानाची जागा नव्हती, अशा गुलाम आणि मुक्त आफ्रिकी लोकांच्या बंधुसंघाने अठराव्या शतकात, कामातून उरलेल्या वेळात आणि गाठीच्या पैशांत हे निळे चर्च उभारले. प्रार्थना कॅथलिक, पण साथीला आफ्रिकी ढोल. गाणी सुरू झाली की सगळे चर्च पावलांवर डुलू लागते. मध्यंतरी डोक्यांवर पावांच्या टोपल्या घेतलेल्या बायका नाचत वेदीकडे गेल्या आणि नंतर ते पाव सर्वांना वाटले गेले. माझ्या हातावर पाव ठेवणाऱ्या बाईंनी तो शब्द उच्चारला, 'पाउं'. प्रसाद घेतात तसा दोन्ही हातांनी घेतला.

चौथा दिवस, बुधवार 31 जानेवारी

मेर्कादो मोदेलोसमोरच्या धक्क्यावरून लाँच पकडून पाऊण तासात इतापारिका बेटावरच्या मार ग्रांदीला गेलो. लाटा होत्या, त्यामुळे ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी घेऊन निघावे. बेटावर पाहण्यासारखे स्थळ असे आम्ही काही पाहिले नाही. समुद्रस्नान केले, नारळपाणी प्यायलो आणि गावातून हिंडलो.

हिंडताना दिसले ते मात्र कोकणच होते. कुंपणाकुंपणाला आंबे, फणस, नारळ. यांपैकी फणस आणि आंबा आपल्याकडून पोर्तुगीज जहाजांनी तिकडे नेले. त्यांची तिकडची नावे 'जाका' आणि 'मांगा' ही मलबारच्या किनाऱ्यावरून उचललेली आहेत. बाइयातला फणस इतका माजला आहे की तो रानात आपोआप उगवतो. एका घराच्या पायरीवर आजीबाई हाताला तेल लावून फणस फोडत होत्या. चीक लागू नये म्हणून हाताला तेल लावणे, कोयत्याला तेल पुसणे, पाव म्हणजे मधला दांडा काढून भोवतालच्या तंतूंतून गरे मोकळे करणे हे सारे इतके जसेच्या तसे होते की मी न विचारताच त्यांच्याशेजारी बसले आणि गरे काढू लागले. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले, तेलाची बाटली पुढे सरकवली. एक काजू तिकडून आला, एक फणस इकडून गेला. हिशेब पुरा झाला असे यजमान म्हणाले.

संध्याकाळी बार्राच्या दीपगृहापाशी अकाराजे खाल्ले. पांढऱ्या लेसचा घेरदार पोशाख आणि डोक्याला पांढरे फडके बांधलेल्या बाया, ज्यांना 'बाइयाना' म्हणतात, रस्त्यावर पाट मांडून हा पदार्थ विकतात. 2005 मध्ये त्यांच्या या व्यवसायाची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद झाली. चवळी भिजवून, तिची साले काढून वाटतात, त्यात कांदा-मीठ घालून लाकडी डावाने इतके फेसतात की पीठ पांढरेशुभ्र आणि हलके होते. मग देंदे नावाच्या आफ्रिकी माडाच्या केशरी तेलात मुठीएवढे गोळे तळतात. वडा मधोमध चिरून त्यात वातापा हे शेंगदाणे, काजू, नारळाचे दूध आणि सुक्या कोळंबीचे दाट वाटण, भेंडीचे कारुरू आणि वरून सुकी कोळंबी भरतात. बाई विचारतात, "केंची?" म्हणजे गरम का; पण त्याचा खरा अर्थ तिखट घालू का, असा आहे. शाकाहारी माणसाने नुसता वडा आणि कांदा-टोमॅटोची कोशिंबीर मागावी, कारण वातापा आणि कारुरू दोहोंतही कोळंबी असते. मी तसाच घेतला. आतून कापसासारखा आणि बाहेरून कडकडीत, आपल्या चवळीच्या वड्यांचा सख्खा भाऊ, परंतु देंदेचा वास मात्र आपल्याकडच्या कशाशीच जुळणारा नाही. कांदोम्ब्लेत हा वारा-वादळाच्या यांसां देवीचा नैवेद्य आहे, म्हणून विकणाऱ्या बाईंच्या हालचालींत घाई दिसत नाही.

पाचवा दिवस, गुरुवार 1 फेब्रुवारी

इतापाजिपे भागातल्या टेकडीवरचे सेन्योर दो बोंफिमचे चर्च म्हणजे साल्वादोरकरांचे नवसाला पावणारे दैवत. हे चर्च अठराव्या शतकातले. कॅथलिकांचा हा ख्रिस्त आणि कांदोम्ब्लेचा शुभ्रवस्त्रधारी देव ओशाला यांना इथले लोक एकरूप मानतात. मालकांना दिसे संत, गुलामांच्या मनात असे आपला ओरिशा, म्हणजे आफ्रिकी देव. जपून ठेवण्याची ती एक वाट होती. दर जानेवारीत बाइयाना सुगंधी पाण्याच्या घागरी घेऊन जवळजवळ आठ किलोमीटर चालत येतात आणि चर्चच्या पायऱ्या धुतात. आम्ही तो दिवस थोडक्यात चुकलो होतो.

चर्चच्या लोखंडी कुंपणावर रंगीत फितींचे थरच्या थर बांधलेले आहेत आणि वाऱ्याने त्यांचा सळसळाट सतत ऐकू येतो. त्या फितींना तिथे 'फिता' किंवा लाडाने 'फितिन्या' म्हणतात. आपला फीत हा शब्द याच 'फिता'चा. मुळात ही फीत 47 सेंटिमीटर लांब असे, कारण चर्चमधल्या मूर्तीच्या हाताची ती लांबी होती. तीन गाठी मारायच्या, प्रत्येक गाठीला एक इच्छा, आणि फीत आपोआप झिजून तुटेपर्यंत काढायची नाही. आत नवसाच्या खोलीत छतापासून मेणाचे हात, पाय, डोकी, हृदये टांगलेली आहेत आणि भिंतींवर बऱ्या झालेल्या माणसांची छायाचित्रे. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत विकत मिळणारे मेणाचे हात-पाय आठवले. माझ्या मनगटावर गाठी मारणाऱ्या बाईंना मी माझी इच्छा सांगितली नाही, परंतु तिन्ही वेळा डोळे मिटले.

परतताना साओ जुआकिमच्या बाजारातून आलो. मेर्कादो मोदेलो पाहुण्यांचा, हा बाजार शहराचा. सुक्या कोळंबीच्या राशी, देंदेच्या केशरी बाटल्या, मातीची भांडी, पूजेच्या वनस्पती, आणि उद्याच्या उत्सवासाठी निळ्या-पांढऱ्या वस्तूंचे ढीग.

सहावा दिवस, शुक्रवार 2 फेब्रुवारी

येमांजा ही समुद्राची माता. योरुबा या पश्चिम आफ्रिकेतल्या भाषेत नावाचा अर्थ 'मासे जिची लेकरे आहेत ती आई'. 1920 च्या दशकात मासळी मिळेनाशी झाली तेव्हा रिओ वेर्मेल्यो भागातल्या कोळ्यांनी तिला भेट नेण्यास सुरुवात केली आणि तेव्हापासून दर 2 फेब्रुवारीला हा उत्सव होतो. पहाटे दारूकामाचे आवाज झाले तेव्हा आम्ही रस्त्यावर होतो. त्याआधी रात्रीच दीकी दो तोरोरो या तळ्यावर गोड्या पाण्याच्या ओशुम देवीला भेट अर्पण झालेली असते. खाऱ्या पाण्याआधी गोड्या पाण्याचा मान.

कोळ्यांच्या वाडीपाशी लागलेली रांग दूरवर गेली होती. पांढऱ्या-निळ्या कपड्यांतली माणसे, हातांत ग्लॅडिओलस, गुलाब, अत्तराच्या कुप्या, कंगवे, आरसे. येमांजा रूपगर्विता आहे, म्हणून तिला शृंगाराच्या वस्तू देतात. अलीकडे प्लास्टिक आणि काच समुद्रात टाकू नका, फुलेच द्या, असे आवाहन केले जाते, आणि आमच्या पुढच्या बाईंनी कुपीतले अत्तर फुलांवर ओतून रिकामी कुपी पिशवीत परत ठेवली, हे पाहून फार बरे वाटले. दोन तास उन्हात उभे राहून आमची फुले वेताच्या मोठ्या टोपलीत पडली. ढोल अखंड चालू होते. एक पोक्त बाई देवीच्या संचाराने घुमू लागल्या, तशी दोघींनी त्यांना अलगद धरले, त्यांच्या पायांतल्या वहाणा काढल्या आणि गर्दीने न सांगता वाट करून दिली.

दुपारी चारनंतर टोपल्या होड्यांवर चढल्या. मुख्य भेटीची होडी पुढे, तिच्यामागे शंभरेक होड्या, आणि किनाऱ्यावरून 'ओदोया'चा गजर. खोल पाण्यात जाऊन टोपल्या सोडतात. बुडाली तर देवीने स्वीकारली, तरंगत परत आली तर नाकारली. आम्ही बांधावर उभे होतो. यजमानांनी वेंगुर्ल्याच्या बंदरावर लहानपणी पाहिलेल्या नारळी पौर्णिमेबद्दल बोलायला सुरुवात केली आणि होड्या परत वळेपर्यंत बोलत राहिले.

सातवा दिवस, शनिवार 3 फेब्रुवारी

विमान दुपारचे होते, म्हणून सकाळी पुन्हा एकदा रिओ वेर्मेल्योला गेलो. नगरपालिकेचे सफाई कामगार फुले गोळा करत होते. ओल्या वाळूवर देठ तुटलेले ग्लॅडिओलस जागोजाग पडले होते. एक कोळी उलट्या होडीला टेकून जाळे विणत बसला होता. भाच्याने त्याला विचारले की काल मुख्य टोपली बुडाली का. बुडाली, तो म्हणाला, लगेच बुडाली. मग त्याने आमच्याबद्दल विचारले आणि तुमचे कोळी समुद्राला काय देतात, असेही विचारले.

"नारळ," यजमान म्हणाले. "मोठ्या लोकांचा सोन्याचा मुलामा दिलेला, गरिबांचा साधा."

"पण नारळ तर तरंगतो," कोळी म्हणाला. "परत आला तर?"

यजमानांनी सांगितले की परत येतोच. वाडीतली पोरे पाण्यात उड्या टाकून तो पकडतात, फोडतात आणि खोबरे वाटून खातात. आम्हीही तेच करायचो आणि कोणी रागावत नसे. भाच्याने ते सांगितले तसा तो माणूस मोठ्याने हसला, त्याने होडीपलीकडच्या सोबत्याला हाक मारली आणि सारी गोष्ट त्याला पहिल्यापासून पुन्हा सांगू लागला.